केरसुणीवर बसलेली पोरगी

सातारच्या बाजारात केरसुण्या, खराटे, सुपं आणि टोपल्या विकून मी माझं दुकान उभं केलं. आधी रस्त्याकडेला गोणपाट होतं, मग पत्र्याचं खोकं, मग गाळा. घासाघीस मला कुणी शिकवली नाही. राग मला लवकर येतो आणि तो जायला वेळ लागतो, हेही सगळ्या पेठेला माहीत आहे. एक राग मात्र नव्वदच्या दशकातला आहे आणि तो अजून गेलेला नाही. तो एका गोष्टीच्या शेवटावरून आला.

गोष्ट मुळात माझी नव्हती. फण्या, कुंकवाचे करंडे असलं बारीकसारीक बांधून द्यायला मी किलोवर रद्दी घ्यायचे. एकदा गठ्ठ्यात मुलांच्या एका मासिकाचे सात-आठ अंक आले. त्यांत एका चेटकीण पोरीची गोष्ट क्रमशः चालली होती. पोरगी तेरा वर्षांची, थोरल्या चेटकिणीकडे विद्या शिकायला ठेवलेली. पण प्रत्येक मंत्राला तिचं आपलं "का?" गावच्या विहिरीवर शाप टाकून ये म्हटलं, तर ही त्याच विहिरीचं पाणी शेंदून शेरडांना पाजून यायची. शेवटच्या अंकात सगळ्या म्हाताऱ्या चेटकिणी तिला मध्ये उभं करतात आणि सांगतात, थोरलीचे पाय धरून माफी माग, नाहीतर झाडू खाली ठेव आणि विद्या सोड. त्याखाली कंसात "क्रमशः" आणि गठ्ठा संपला.

मी पुढचा अंक शोधत वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "मासिक बंद पडलं की हो. आता पुढचं तुम्हीच लिहा."

त्या हसत बोलल्या होत्या. मी घरी जाताना दोनशे पानी वही घेतली.

दुपारी गिऱ्हाईक नसताना मी लिहायचे. मासिकात ती पोरगी नुसत्या झाडूवर बसायची. कसला झाडू, कशाचा, काही पत्ता नाही. माझ्या डोळ्यांसमोर तर रोज तोच माल. मी तिला केरसुणी दिली, शिराळ्याकडून यायची तशी, शिंदीच्या पात्यांची, मुठीला घट्ट वेणी घातलेली. ती तिने स्वतः बांधली असं लिहिलं. आणि शेवट माझ्या धंद्यातला केला. म्हाताऱ्या चेटकिणी दर उतरवत जातात. आधी पाय धर, मग नुसते हात जोड, मग निदान खाली बघ. पोरगी म्हणते, "केरसुणी माझी, मी बांधलेली. ती ठेवणार नाही. चूक केलेली नाही, माफी मागणार नाही." आणि उठते. माझी शेवटची ओळ होती : "सौदा जमला नाही आणि ती निघून गेली." ज्याला उठून जाता येत नाही त्याने घासाघिशीला बसूच नये, हे मी गोणपाटावर शिकले होते. तेवढंच मला लिहायचं होतं.

बाईंनी वहीला खाकी कव्हर घातलं, आत तारखांचा कागद चिकटवला आणि ती खरोखर कपाटात ठेवली. मागची पानं अभिप्रायाला सोडली. आमच्या वाचनालयात लोकांना पुस्तकावर शेरा मारल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नसे. महिन्याभरात ती पानं भरत आली. मी दर सोमवारी जाऊन वाचायचे.

"कथा बरी. अक्षर सुधारावे."

"संपूर्ण गोष्टीत नायिका एकदाही स्वयंपाक करत नाही."

"मुलीने मोठ्यांना उलट बोलणे शोभत नाही. – एक पालक." त्याच्या खाली हिरव्या शाईत : "मग तुम्ही वाचू नका. – एक मुलगी."

"पान एकोणतीसवर तेलाचा डाग आहे. तो माझा नाही."

हिरव्या शाईचं ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. मी आयुष्यभर वस्तू विकल्या, पण माझ्या वतीने कुणी अनोळखी माणूस भांडलेलं ते पहिल्यांदाच.

दिवाळी जवळ आली. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते, तेव्हा आमच्याकडे गर्दी. त्या गर्दीत एक काकू आल्या. गावाबाहेर त्यांच्या म्हशी होत्या. त्यांना वाचता येत नसे. सून वाचनालयातून आणून दुपारी वाचून दाखवायची. त्यांनी एक केरसुणी उचलली, मूठ दाबून बघितली आणि खाली ठेवली.

"तूच ना गं ती गोष्ट लिहिणारी?"

"व्हय काकू."

"लाज न्हाई वाटली? लक्ष्मी हाय ती! पाय लागला तर आमी कपाळाला हात लावतो, आन तू त्या पोरीला वर बसवलंस?"

"काकू, तुमच्या घरी गेली की ती लक्ष्मी. माझ्याकडं ती माल आहे. रोज तिच्या ढिगाला टेकूनच भाकरी खाते मी."

"टेकतीस. बसत न्हाईस." काकूंनी दुसरी केरसुणी उचलली. "आन वीतभर मूठ हिची. बसली कशी ती भवानी?"

बाजूच्या बायका हसल्या. मला राग आला. काकूंनी हसू सुरू असतानाच भाव पाडून घेतला आणि केरसुणी पदराखाली धरून गेल्या.

त्या एकट्या नव्हत्या. वहीत सुद्धा केरसुणीवरून अर्धं पान भरलं. शेवटी वाचनालयाच्या चिटणीसांनी मला बोलावलं. ते निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. वही त्यांच्या टेबलावर होती.

"बसा. लेखन चांगलं आहे. दोन गोष्टी बदला. केरसुणी आणि शेवट."

"शेवट बदलणार नाही."

"लोकांच्या भावना असतात हो."

"लोकांच्या भावना केरसुणीवरून आहेत. शेवटावर भांडणारे तुम्ही आणि तो एक पालक."

ते चष्मा पुसत राहिले. मी मनात हिशेब केला. वही कपाटातून काढली तर हिरवी शाई पण गेली. आणि काकूंची ती वीतभर मूठ मलाही खटकतच होती. मी म्हटलं, "केरसुणीचा खराटा करते, लांब काठीचा. शेवटाला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," गुरुजी म्हणाले. वर म्हणाले, "वाचनालयाचं वार्षिक हस्तलिखित निघतंय. त्यात हीच कथा घेऊ. सुंदर अक्षरात उतरवून घेतो. सांगलीच्या प्रदर्शनात जाईल."

मी तिथेच बसून सगळीकडे केरसुणी खोडली आणि वर खराटा लिहिला. सौदा झाला असं समजून चहा पण प्याले.

पुढे काही आठवड्यांनी मला टोपल्यांच्या कामाला सांगलीला जावं लागलं. काम उरकून प्रदर्शनाला गेले. एका मोठ्या खोलीत टेबलांवर गावोगावची हस्तलिखितं मांडली होती. आमचं मधल्या टेबलावर होतं. माझी गोष्ट पहिलीच. वेलबुट्टीची चौकट, मोत्यासारखं अक्षर, खाली माझं नाव. मी हात रुमालाला पुसून पानं उलटली. शेवटच्या पानावर पोरगी थोरलीच्या पायांवर डोकं ठेवून रडत होती. "मला क्षमा करा," म्हणत होती. मग ती खराटा घेऊन थोरलीचं अंगण झाडते आणि गोष्ट संपते.

शेजारी अभिप्रायाची वही होती. माझ्या गोष्टीवर तिथे सगळ्यांत जास्त लिहिलेलं होतं. "शेवट वाचून डोळे पाणावले." "संस्कारक्षम कथा." "लेखिकेचे अभिनंदन, आजच्या मुलींनी जरूर वाचावी." सातारच्या वहीत मला शिव्या मिळाल्या होत्या त्या माझ्या होत्या. इथलं कौतुक कुणाचं होतं, कोण जाणे. मला ते पान फाडायचं होतं. पण त्याच पानाच्या मागे दुसऱ्या कुणाची तरी कविता होती, तीही कुणी मन लावून लिहिली असेल. मी दोरीला बांधलेलं पेन उचललं आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलं : "शेवट वाईट आहे. लेखिकेने तो लिहिलेला नाही." खाली तेच नाव लिहिलं जे गोष्टीखाली होतं.

साताऱ्याला आल्यावर थेट गुरुजींकडे गेले. आवाज चढला, ते मान्य करते. ते शांत होते.

"अहो, केरसुणी तुम्ही सोडलीच ना? मला वाटलं समजूतदार आहात. शेवटाचं मी जरा सांभाळून घेतलं."

"कबूल म्हणाला होतात."

"संस्थेचं नाव जातं हो बाहेर."

"आणि खाली नाव कुणाचं आहे?"

त्यांनी खणातून माझी वही काढून दिली. मी ती घेतली आणि निघून आले. वाटेत मला माझाच राग येत होता. मागितलेली पहिली सूट दिली की गिऱ्हाईक दुसरी स्वतःच्या हाताने घेतं, हे मी रोज बघते आणि त्या एका दिवशी विसरले. दुकानात येऊन मी वही उघडली आणि एकेक खराटा खोडून पुन्हा केरसुणी लिहिली.

वही मी वाचनालयात परत दिली नाही. गल्ल्याशेजारी ठेवली, ज्याला हवी त्याने घरी न्यावी. काकू नंतर म्हशीच्या गोठ्यासाठी खराटा घ्यायला आल्या. त्यांना सांगलीचं सगळं सांगितलं. मला वाटलं, बरं झालं म्हणतील.

काकू खराटा हातात धरून थांबल्या. "पाया पडली? ती पोरगी?"

"तसं लिहिलंय तिथं."

"खोटं हाय. मी ऐकलीय ती पोरगी. लय आगाऊ हाय ती, ती कुनाच्या पाया पडंल व्हय?" मग म्हणाल्या, "आन तू परत केरसुनीच केलीस म्हनं?"

"केली."

"मग आईक. त्या थोरलीच्या पाया नगं पडू म्हनावं. पन बसायच्या आधी केरसुनीच्या पड म्हनावं. एवढं कर. मूठ वीतभर का असंना, मग मी काय बोलत न्हाई."

एवढ्या लोकांनी त्या गोष्टीवर लिहिलं, एवढे लोक बोलले. त्या पोरीला ओळखणारी ही एकच बाई, आणि तिला अक्षर वाचता येत नव्हतं. मी "बघते" म्हटलं नाही. त्यांच्यासमोरच वही काढली आणि शेवटच्या ओळीआधी समासात लिहिलं : "तिने केरसुणीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग वर बसली." काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि खराट्याच्या भावाला लागल्या.

सांगलीला गेलेल्या त्या हस्तलिखितात माझ्या नावावर ती पोरगी अजून अंगण झाडते आहे. गुरुजींनी ते कधी दुरुस्त केलं नाही आणि मीही त्यांच्या वाचनालयात पुन्हा पाऊल टाकलं नाही. वही दुकानात आहे. तिच्यात आता केरसुणीवर कुणी तक्रार लिहीत नाही.