मापाबाईंचं ‘सोड’

मापाबाई कपडे आल्टर करायच्या. जिन्याखालची खोली, खिडकीशी मशीन, कानावर खडू, गळ्यात टेप. टेप तसा शोभेचाच, कारण गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पँट किती आखूड करायची ते त्या नजरेनंच सांगायच्या. नाव पडलं ते त्यावरूनच. समोरच्या कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचे शर्टही त्याच बेतून द्यायच्या. अंगावर कसे बसलेत ते बघू या म्हणून एकदा मॅचला गेल्या, त्याला आता आठ वर्षं झाली.

मुलांच्या मॅचला मैदान फुलून जाई. मुलींच्या मॅचला पंधरावीस टाळकी, त्यातली निम्मी सावलीसाठी आलेली. याचा मापाबाईंना भारी राग. त्यांची जागा ठरलेली: मागच्या रेषेलगत, तिसरी पायरी. मुलींची नावं त्यांना कधीच पाठ झाली नाहीत. मुली दर तीन वर्षांनी बदलणार, नंबर तेच. शेजारी नवरा बसे. “माझ्या आजारपणातसुद्धा इतका जीव टांगणीला लागला नव्हता तुझा,” असं तो दर मॅचला म्हणे आणि दर मॅचला येई.

खेळाचे नियम त्यांना अर्धेच कळले. पण चेंडू रेषेच्या आत पडणार की बाहेर, ते तो जाळीवर असतानाच कळायचं. बाहेर जाणारा असला की त्या ओरडत, “सोड!” आणि मागं खेळणारी पाच नंबर हात आखडून घेई. बोटभराचा फरकही त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. कॉलेज सोडणारी पाच नंबर नवीला आधी हेच सांगून जाई, की मावशींचा आवाज ऐकायचा.

यंदा उपांत्य सामन्यात शेवटच्या सेटला तेरा-चौदा झालं. एक चेंडू गेला की खेळ खलास. समोरून उंच फटका आला.

“सोड!”

पाच नंबरनं सोडला. रेषेवरचा चुना भसकन उडाला.

मापाबाईंना कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन फिरवून खिडकीकडे पाठ केली.

आठवड्यानं पाच नंबर उसवलेली बाही घेऊन आली. मापाबाई सुई ओवायला बसल्या. तीनदा दोरा बाजूनंच गेला.

“मावशी, डोळे दाखवलेत?”

“दाखवले. पडद्याचं दुखणं आहे. आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ, म्हणाले.” त्यांनी सुई खाली ठेवली. “दोन महिने झाले, सुई ओवता येत नाही. ठाऊक असून ओरडले मी.”

“मग ओरडलात कशाला?” मुलीचा आवाज चढला. “मी तीन दिवस धड जेवले नाही. सगळ्या मलाच विचारत होत्या, हात का काढलास!”

“ओरडायचं बंद केलं, तर मी तिथं बसून काय करू गं?”

मुलीनं सुई उचलली, ओवली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी बाही शिवून दिली. दारात गेल्यावर ती वळली.

“शनिवारी नवी स्पर्धा आहे. यायचं. पण सोड म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणू?”

“घे म्हणा. घ्यायला गेले आणि चुकलं, तर चूक माझी.”

शनिवारी तिसऱ्या पायरीवरून पहिलं “घे!” निघालं ते अगदीच पिचकं. मग गळा मोकळा झाला. दिसो न दिसो, प्रत्येक चेंडूला “घे!” नवऱ्यानं त्या बाजूचा कान झाकून घेतला. एकदा तर चेंडू इतका लांब आला, की पाच नंबरनं हात खाली घेतलेसुद्धा.

“घे!”

तिनं अंग झोकून दिलं. चेंडू उडाला, जाळीवरून पलीकडे गेला आणि तिकडे कुणी हलायच्या आत पडला.

“अगं, हातभर बाहेर जात होता तो!” नवरा म्हणाला.

“असेल. मला कुठं दिसतंय?” मापाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “पण तिनं ऐकलं ना!”