दिघे सरांचं समुद्राचं पाणी

दिघे सर गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही भाजीच्या लारीपाशी, कॉलेजच्या जुन्या शिपायाकडून. "बेन, साहेब गुजरी गया." माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की मला मुद्दाम कळवलं नसणार. बारा वर्षांच्या अबोल्यात माणसाचं मन असं होतं.

बडोद्यात घरोघरी केबल येत होती ती वर्षं. मी सरांच्या हाताखाली प्रयोगशाळेत होते. आम्ही फ्लास्कांमध्ये समुद्रातलं हॅप्टोफाइट शैवाल वाढवायचो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा जीव बेसुमार वाढला की मैलोनमैल समुद्र दुधाळ होतो आणि मग काही दिवसांत सगळं नाहीसं... ते का, हे सरांना शोधायचं होतं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून ते एसटीनं कॅन भरून पाणी आणत. ते उकळू देत नसत, नुसतं गाळायचं. उकळलं की पाण्याचा कस जातो, हा त्यांचा हट्ट. भांड्यांना साबण मात्र वर्ज्य, त्याच्या अंशानंही शैवाल मरतं म्हणून.

एका सोमवारी शैवालानं सोनेरी दिसणारे दोन फ्लास्क नितळ झालेले दिसले, आतलं शैवाल मेलेलं. पुढच्या आठवड्यात आणखी चार. सर रोज माझे हात हुंगू लागले. "खरं सांग सुधा, भांडी कशानं धुतेस?" मलाही वाटू लागलं, संशोधन फसतंय म्हणून सरच काहीतरी टाकतात आणि खापर माझ्यावर फोडतात. दोघंही एकमेकांवर नजर ठेवून काम करत होतो. शेवटी मी शाळेत नोकरी धरली.

मी तेराव्याला गेले, तेव्हा काकू, सरांच्या पत्नी, मला सरांच्या खोलीत घेऊन गेल्या. "फार लागून राहिलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "नितळ झालेलं पाणी त्यांनी अगदी बारीक गाळणीतून गाळलं, चार थेंब ताज्या फ्लास्कात टाकले. तोही नितळ झाला, आणि त्यातल्या चार थेंबांनी पुढचाही; साबण असता तर विरत गेला असता. विषाणू निघाला ने, त्यांनीच आणलेल्या पाण्यातला. तसेच उठून छाणीला तुझ्याकडे आले होते सांगायला. पण घरी कोणी नव्हतं म्हणे."

तो रविवार मला लख्ख आठवला. सर खिडकीतून दिसले होते. झडती घ्यायला आलेत, असं मी आईला म्हटलं आणि आम्ही दोघी आत गप्प बसलो. त्यांनी तीनदा दार वाजवलं. पंखा चालू होता, माझ्या चपला पायरीवर होत्या. इतक्या संशयी माणसाला त्या दिसल्या नसतील, हे मला पटत नाही. मला त्या चपलांची फार लाज वाटते.

त्या दिवशी मी घरातच होते, हे सांगायला मी आतापर्यंत चारदा काकूंकडे गेले. त्या सरांच्या खुर्चीतच मला बसवतात. मी चहा पिते आणि परत येते.