गार्डकाकांचे जादा उतारू

छोट्या गाडीच्या गार्डाला सगळी लाइन गार्डकाका म्हणायची. मळे, गिरण्या नि दोन बाजारगावं मागं टाकत ती बुटकी गाडी रमतगमत जंक्शनला यायची. पलीकडच्या फलाटावर मोठ्या कंपनीची मेल असे. छोटीला उशीर झाला तर मेल थांबे, पण गाडी बदलणारे उतारू पाचाच्या वर असतील तरच. आकडा गार्डानं आधीच्या स्टेशनातून फोनवर कळवायचा, असा दोन्ही कंपन्यांचा करार होता.

गार्डकाकांचं मन लोण्याचं. एखादी लेकुरवाळी एकटीच असली तरी ते बेधडक "नऊ" सांगत. मेल थांबे, बाई चढे. बाकीचे आठ कुठं गेले, हे कोणी विचारत नसे.

मग जंक्शनला नवे मास्तर आले. ते फलाटावर उभं राहून डोकी मोजू लागले. एकदा म्हणाले, "तुमचे उतारू वाटेत विरघळतात वाटतं? यापुढं तुमचा आकडा निम्माच धरीन."

त्यानंतर लवकरच गाडी रखडली. उतारू खरोखरच आठ होते. सोळा सांगावं, असं काकांच्या ओठांवर आलं. पण त्या टोमण्याची लाज आडवी आली आणि त्यांनी नेमकं खरं सांगितलं. मास्तरांनी आठाचे चार केले नि मेल सोडून दिली.

त्या आठांत शिंप्याची मुलगी होती. नर्सिंगच्या शाळेत तिला दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. ती पोचेपर्यंत तिची जागा दुसरीला गेली.

गावानं खापर मोठ्या कंपनीवर फोडलं. शिंप्यानं तर उलट काकांनाच धीर दिला, हत्तीपुढं मुंगीचं काय चालणार म्हणाला, चहा पाजला. काकांनी कप अर्धाच ठेवला.

शेवटी एक दिवस शिंपी बाजारात गेलेला पाहून ते दुकानात शिरले. मुलगी काजं करत बसली होती.

"बाळ, मास्तरांनी माझा आकडा खरा मानला नाही. मी कायम थापा मारत आलो ना. तुझी जागा माझ्यामुळं गेली."

ती दोरा तोडत म्हणाली, "आईला ऑपरेशनला नेलं, तेव्हा आम्ही तिघंच होतो. तरी मेल थांबली होती. किती सांगितले होतेत?"

"अकरा."

तिनं पुढचा सदरा ओढला. माफ केलं म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. ड्यूटीची वेळ झाली, तरी काकांचा पाय उंबऱ्यावरून निघेना.