रंभाच्या हातची मशेरी

मशेरी भाजावी तर रंभानंच, असं कवठे येमाईजवळच्या एका वस्तीवरच्या बाया म्हणायच्या. तंबाखू तव्यावर काळीशार झाली पाहिजे आणि राख तर व्हायला नको, तो हात तिचाच. दुपारी शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, घरी आलं की पायरीवर बसून निवांत दातांना मशेरी लावायची. मळेवाल्या बापूसाहेबांची म्हातारी आई सारजाबाई रंभाच्या बौद्धवस्तीतल्या भांड्यातलं पाणी प्यायची नाही, पण मशेरी तिला रंभाच्याच हातची लागायची. आता काय बोलावं!

त्या दिवशी खिचडी वाटून झाली आणि बापूसाहेबांची लेक, सारजाबाईची नात राजनंदिनी शाळेमागं कोसळली. तिसरीतली पोर. अंग घामानं थबथबलेलं, ओठ पांढरेफटक, उलटी काही थांबेना. बापूसाहेबांनी आईला घेऊन जीप आणली. खिचडीत पाल पडली असणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. पातेलं जीपमध्ये घातलं, रंभालाही बसवलं.

तांदूळ रंभानं स्वतः निवडले होते, पातेलं स्वतः घासलं होतं. जीपमध्ये चढताना तिच्या लेकीनं, गौतमीनं पदर ओढला. ती राजनंदिनीच्याच वर्गात. आपल्या घरच्या डब्यातली मशेरी दोघींनी लावली आन् राजनंदिनीनं गिळली, असं तिनं रडत आईच्या कानात सांगितलं.

आता काय करावं? सांगावं तर लेकीवर बालंट, हातचं काम जाणार, वर बापूसाहेबांशी वैर. गप्प बसावं तर पोर हातची जायची. वाटभर रंभाचं तोंड उघडलं नाही. भ्याली होती ती, खोटं कशाला बोला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, आणखी काय खाल्लं? बापूसाहेब एकच सांगत होते, खिचडी. मशेरी म्हणजे काही खाणं आहे का, ते कुणाच्या डोक्यात येणार! पोरीचे डोळे फिरायला लागले तशी रंभा पुढं झाली.

"डॉक्टर, खिचडी न्हाई. मशेरी पोटात गेलीय. माझ्या घरची हाय."

बापूसाहेब अंगावर धावले. डॉक्टरांनी त्यांना बाहेर काढलं आणि तंबाखूच्या विषावरचे उपचार सुरू केले. रंभा दाराशी उभी राहिली. मागून आलेली मळ्यातली माणसं तिला नाही नाही ते बोलली, तिनं ऐकून घेतलं.

संध्याकाळी पोरीनं डोळे उघडले. धोका टळला होता. हे कुणी शिकवलं बाळ, असं डॉक्टरांनी विचारलं.

"कुणीच न्हाई," ती म्हणाली. "आम्ही बाया बाया खेळत होतो. सैपाक झाला, भांडी झाली, मग मशेरी लावायला बसलो."

सारजाबाईनं पदरानं तोंड झाकलं. दाराशी रंभानंही झाकलं.