एका टेकमध्ये लागलेलं दार

मी आज जो काही आहे तो माझ्या मावशीमुळे. कळवणजवळच्या आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती. मावशीनं मला नाशिकला, पंचवटीतल्या तिच्या एका खोलीत आणलं आणि खानावळीत पोळ्या लाटून बी.ए. केलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. तिचे उपकार फेडणं शक्य नव्हतं. पण एक माणूस होता, त्याची फेड करता येण्यासारखी होती.

तो तिचा धाकटा दीर. मावशीचं सासर सायखेड्याचं. काका वारले आणि तेरावं उरकताच दिरानं तिला ट्रंकेसकट ओट्यावर काढलं. "तुझं काय ठेवलंय हितं?" म्हणाला आणि दार लावून घेतलं. सगळी गल्ली बघत होती. पुढे त्यानं पसरवलं, की वहिनीला शहराची हौस, ती आपल्या मर्जीनं गेली. गल्लीनं मान डोलावली. घर गेल्याचं मावशी फारसं बोलत नसे. "पाहिलेलं कुणी बोललं नाय रे," एवढंच म्हणायची.

पदवीनंतर मी मुंबईत एका मराठी मालिकेत कामाला लागलो. मालिका कोर्टकचेरीची, आणि माझं काम शूटिंगच्या जागा शोधण्याचं. खऱ्या कोर्टात कॅमेरा नेता येत नसे. त्यामुळे आमच्या कोर्टाच्या पायऱ्या म्हणजे फोर्टातल्या एका जुन्या वाचनालयाच्या पायऱ्या होत्या. मालिकेची नायिका असलेल्या वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे गिरगावातला बंद पडलेला छापखाना. समुद्रासमोरचा बाक तेवढा खरा. दर भागाच्या शेवटी बाई त्यावर येऊन विचार करत बसायच्या.

एकदा नामपूरचे एक गृहस्थ जमिनीच्या कागदांचं गाठोडं घेऊन वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसले. वकीलताई कधी येतात, म्हणून विचारू लागले. मी समजावलं, की हे कोर्ट नाही आणि त्या वकील नाहीत, नटी आहेत.

"आम्ही डोळ्यांनी पाह्यलंय ना भाऊ, टीव्हीवर," ते म्हणाले आणि बसून राहिले.

त्याच दिवशी मला सुचलं.

मालिकेच्या लेखकाला मी चहा पाजत मावशीची गोष्ट सांगितली. महिन्याभरात तिचा भाग लिहून झाला: विधवेला दीर घराबाहेर काढतो आणि वकीलबाई तिचा खटला लढतात. खेड्यातलं घर हवं होतं. मी सायखेड्याला गेलो.

मी कोणाचा कोण, हे दिरानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घर टीव्हीवर येणार म्हटल्यावर त्यानं दाराला निळा रंग लावून घेतला. मग हळूच म्हणाला, "साहेब, मला बी एखादं काम द्या की."

"आहे ना काका. वहिनीला घराबाहेर काढायचं. एकच दृश्य, पण सगळा भाग त्याच्यावर उभा आहे."

"मंग दाढी करून येतो," तो म्हणाला.

दिग्दर्शकाला मीच गळ घातली होती, की या माणसाला घ्या आणि वाक्य त्याचं त्याला सुचू द्या. कॅमेरा सुरू झाला. नटी ट्रंक घेऊन ओट्यावर उभी राहिली. तो उंबऱ्यात आला, तिच्याकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "तुझं काय ठेवलंय हितं?" मग दार लावलं. एका टेकमध्ये ओके.

दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. "काय नॅचरल काम केलंत काका! पूर्वी कधी केलं होतं?"

"छ्या! पहिल्यांदाच," तो लाजून म्हणाला. मी स्वतःच्या हातानं त्याला चहा नेऊन दिला.

तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुंबईहून मावशीला पत्र टाकलं. ते असं होतं:

मावशी, पाया पडतो.

काल संध्याकाळी मी सायखेड्यात होतो. तुझ्या दिरानं टीव्ही ओट्यावर मांडला, सतरंज्या टाकल्या आणि गल्लीला बोलावून पेढे वाटले. तो पडद्यावर आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग तो बोलला. तुला बोलला होता तेच, शब्दाला शब्द. दार लागलं आणि शिट्ट्या थांबल्या.

तुझी समोरची आक्का पेढा खाली ठेवून उठली. म्हणाली, "हे नाटक नाय. असंच बोलला व्हता हा. मी हितंच उभी व्हते." शेजारचे सोनारकाका म्हणाले, "ट्रंक हिरवी व्हती." मग एकेक जण बोलायला लागला.

तो म्हणाला, "आवं, मला लिहून दिलं व्हतं तसं!"

मी उठून सगळ्यांदेखत सांगितलं, "कुणी लिहून दिलं नव्हतं. ते तुमच्याच मनचं."

"तू कोण रं?"

"तुमच्या वहिनीचा भाचा."

तो टीव्ही बंद करायला गेला, तर मागून कोणीतरी ओरडलं, "ऱ्हाऊ द्या, शेवट बघू." सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि त्यालाही बसावं लागलं. टीव्हीवर घर तिला मिळालं. खरं घर तुला मिळणार नाही, ते मला माहीत आहे. त्याचं तोंड बघून मला वाईट वाटलं का, असं तू विचारशील. नाही वाटलं.

रविवारी सकाळी तो भाग पुन्हा लागणार आहे. आक्का म्हणते, तिच्या घरी बसून पाहू, दार सताड उघडं टाकून. समोरच त्याचा ओटा आहे, आवाज नीट पोचेल. शनिवारी न्यायला येतो. तयार राहा.