मी बनवलेली नलिनी

आधीच सांगते — आमच्या घरी दाराला लिंबू-मिरचीसुद्धा बांधत नाहीत. मी शाळेत गणित शिकवते. जे फळ्यावर मांडून दाखवता येत नाही, ते मानायचं नाही अशी सवय. तरी हे लिहायला बसलेय, कारण ही मांडणी काही केल्या जमत नाहीये.

मी बुऱ्हाणपूरची, लोधीपुऱ्यात राहते. इथल्या मराठी माणसांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, मी त्याची अॅडमिन. लोक आठवणी, म्हणी, रेसिपी असं काहीबाही लिहितात. सुरुवातीला सगळ्यात जास्त वाचलं जायचं ते माझं. "वंदना मॅडम, क्या बात है!" — रोजचं. मग मीच... हो, मीच माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला, सुषमाला, ग्रुपमध्ये घेतलं.

सुषमाचं सासर फोपनारला. केळीचा मळा. नवरा गेल्यापासून शेत तीच बघते. तिची पहिली पोस्ट केळीच्या चिकावर होती — चिकाचा डाग कधी निघत नाही, म्हणून सासूबाईंनी तिच्या साड्यांचे दोन ढीग केले होते, एक मळ्याचा, एक माणसांत जायचा. शुद्धलेखन सगळं चुकलेलं, अर्धी हिंदी. आणि लोक वेडे झाले! मला मॅडम म्हणणारे तिला "ताई, रोज लिहा" म्हणायला लागले. माझ्या पोस्टखाली चार अंगठे... तेही नातेवाइकांचे.

मला ते बघवेना. जेवताना बघवेना, पेपर तपासताना बघवेना. दर दहा मिनिटांनी तिच्या पोस्टखाली किती जण आले ते मोजायचे.

मग एका व्हिडिओत बघून मी कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवला. पाच खोटी अकाउंट आणि वीस वाक्यांची यादी. सुषमानं पोस्ट टाकली की ही अकाउंट आपोआप यादीतलं एखादं वाक्य खाली टाकणार. "हे कुठून चोरलं?" "आधी मराठी शिका." "विधवा म्हणून सहानुभूती हवी का?" हे शेवटचंही मीच लिहिलं होतं. अकाउंट खरी वाटावीत म्हणून दोन वाक्यं गोड ठेवली — "छान लिहिलंय", "अजून लिहा". वर अॅडमिन म्हणून मीच लिहायचे, "कृपया सर्वांनी संयम पाळा."

सुषमाचा फोन आला. "वंदे, हे लोक कोण आहेत गं? मी काय बिघाडलं यांचं?"

"ट्रोल असतात गं ते. लक्ष देऊ नको."

फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

पाचांपैकी एका अकाउंटला मी नलिनी नाव दिलं होतं. आठवडाभरानं लक्षात आलं की नलिनी फक्त दोन गोड वाक्यंच टाकतेय. विसातली तीच दोन, प्रत्येक वेळी. म्हटलं, प्रोग्राममध्ये काही गडबड असेल. शोधली, सापडली नाही. तोवर सुषमानं लिहिणं बंदच केलं. माझं काम झालं होतं. मी प्रोग्राम काढून टाकला.

दोनेक आठवडे गेले... आणि सुषमा परत लिहायला लागली! आधीपेक्षा चांगलं.

राहवलं नाही. रविवारी सकाळी फोपनार गाठलं. ओट्यावर बसून ती तूर निवडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "परत लिहायला लागलीस?"

"नलूताईमुळे," ती म्हणाली. "त्या रोज मेसेज करू राहिल्या ना मला."

तिनं फोन पुढे केला. नलिनीचे मेसेज. 'तुमची चिकाची पोस्ट परत वाचली.' 'आज जेवलात का?' यातलं एकही वाक्य माझ्या यादीतलं नव्हतं. आणि मंगळवारी सकाळी सात चाळीसला — 'आज मळ्यातली मोटार चालू करायला जाऊ नका. स्टार्टरच्या पेटीला हात लावू नका. वायरमनला बोलवा.'

"मी निघालेच होते, चप्पल घातली होती," सुषमा म्हणाली. "मग म्हटलं, बाई सांगू राहिली तर बोलवू. वायरमननं टेस्टर लावला आणि मागेच सरकला. म्हणे, भाभी, पूरी पेटी में करंट है. हात लगातीं तो..."

खरं सांगू, आधी मला भीती वाटली नाही. मी जळले. नाव मी दिलेलं, फोटो मी लावलेला — आणि ते अकाउंट हिला विचारतंय, जेवलात का?

तिथेच माझ्या फोनवर नलिनीचं अकाउंट उघडलं. पाठवलेला एकही मेसेज नाही. कॉम्प्युटरवरून मी केव्हाच लॉगआउट केलं होतं; लॉगिनच्या यादीत एकच फोन... माझा. मंगळवारी सकाळी सात ते दहा मी परीक्षेच्या ड्यूटीवर होते आणि सगळ्या शिक्षकांचे फोन मोठ्या मॅडमच्या कपाटात बंद होते. बरं, मेसेज कुणीही पाठवला असेल, पण पेटीत करंट उतरलाय हे त्याला कळलं कसं?

मी सुषमाला सगळं सांगितलं. तिनं सुपातली तूर एका बाजूला सारली.

"ते विधवावालं... तेही तूच?"

"हो."

"मग नलूताई कोण आहे?"

"माहीत नाही गं."

"तुला माहीत नसणारच," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली. मी अर्धा तास थांबले. ती बाहेर आली नाही.

त्यानंतर तिनं माझा फोन उचललेला नाही. अॅडमिनपद मी सोडलं. चार अकाउंट बंद केली. नलिनीचं बंद होईना, पासवर्ड चुकीचा सांगतं. कॉम्प्युटरवाल्या दोघांना दाखवलं. एक म्हणाला हॅक झालंय, दुसरा म्हणाला असं होऊच शकत नाही. मला दोन्ही पटत नाही.

सुषमाच्या प्रत्येक पोस्टखाली नलिनी अजून येते. मी तिला माझ्या खऱ्या नावानं तीनदा लिहिलं. तिनं वाचल्याची खूण दिसते. उत्तर नाही. परवा मी बऱ्याच दिवसांनी एक पोस्ट टाकली, माझ्या मते चांगली होती. लोकांनी कौतुकही केलं. मी मात्र रात्रंदिवस एकाच नावाची वाट बघत होते.