अपुरा सेट

रामवाडीतल्या माझ्या शेजारच्या काकांना फौजींविषयी अपार आदर आहे, विशेषतः गेलेल्या फौजींविषयी. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही जवानाचा दहावा ते चुकवत नाहीत. शर्टाच्या खिशात भिंग असतंच. मेडल हातात आलं की आधी त्याच्या कडेवर कोरलेला नंबर वाचतात, मग घरच्यांचं सांत्वन करतात. एखाद्या सुनेनं मेडलं देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासलेली दिसली, की मात्र त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी येतं. "इतिहास धुऊन टाकलात हो!"

परवा मला धरमतरच्या खाडीकाठी एका म्हातारीकडे घेऊन गेले. तिनं नवऱ्याची तीन मेडलं पुढ्यात ठेवली. खरं तर ती चार आहेत, हे काकांनी पलटणीला पत्रं लिहून आधीच शोधून काढलं होतं.

"आजी, चौथं कुठाय? माझ्या संग्रहातला सेट अपुरा राहतो."

"चौथा बिल्ला त्यांच्या छातीवर व्हता. तसंच नेलं त्यांना," म्हातारी म्हणाली. "राख हितंच खाडीत सोडली."

मी मान खाली घातली. काका बराच वेळ खाडीकडे बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले.

मग त्यांनी हळूच विचारलं, "आजी, ओहोटी किती वाजता लागते?"